साक्सेनहाउझेन : त्रिकोणात आखलेली छळछावणी



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, छळछावणी म्हटलं की डोळ्यांसमोर काटेरी तारा येतात, धुराडं येतं. पण ती जागा प्रत्यक्षात होती कशी? आत शिरलं की समोर काय दिसायचं?" प्रश्न साधा होता. पण घरी जाईपर्यंत तो माझ्या डोक्यातून गेला नाही. आपण या विषयावर बोलतो तेव्हा आकड्यांत बोलतो. आकडे इतके मोठे असतात की माणसाचं मन तिथे चालेनासं होतं. जागेचं तसं नसतं. जागा पावलांनी मोजता येते.

म्हणून आज एकच छावणी घेऊ आणि तिचा नकाशा वाचू. छावणीचं नाव साक्सेनहाउझेन. बर्लिनच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर ओरानियेनबुर्ग नावाचं गाव आहे, त्याच्या कडेला. बर्लिनहून आजही लोकल गाडीनं तिथे जाता येतं, आणि स्टेशनावरून चालत वीस-पंचवीस मिनिटांत छावणीच्या दाराशी पोहोचता येतं.

आधीची छावणी

नकाशाकडे वळण्यापूर्वी थोडं मागं जाऊ. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये. त्यानंतर काही आठवड्यांतच देशभर छावण्या उभ्या राहिल्या. पण त्या कशाही होत्या. जी जागा हाताशी आली ती घेतली. म्युनिकजवळची डाखाऊची छावणी दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याच्या आवारात होती. आपल्या या ओरानियेनबुर्गमध्येही १९३३ साली पहिली छावणी सुरू झाली, ती एका बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यात, गावाच्या भर वस्तीत. ती चालवत होते एसए, म्हणजे हिटलरचे तपकिरी गणवेशातले दंडेल. तिथेच जुलै १९३४ मध्ये एरिख म्यूझाम या कवीचा खून झाला. त्याच महिन्यात ती छावणी बंद झाली.

हे का सांगतोय? कारण इथे एक टप्पा संपतो. जुन्या इमारतीत माणसं कोंबणं, हे घाईगर्दीत झालं असं कुणी म्हणू शकतं. क्रांतीच्या गडबडीत झालेली ज्यादती, असा बचाव नंतर अनेकांनी केलाही. १९३४ नंतर सगळ्या छावण्या हिमलरच्या एसएसकडे गेल्या आणि त्यांना शिस्त लावायचं काम डाखाऊच्या थिओडोर आइकेकडे आलं. मग १९३६ साली साक्सेनहाउझेन उभी राहिली. जंगल तोडून, मोकळ्या जमिनीवर, कागदावर आधी रेषा आखून.

साल लक्षात ठेवा. १९३६. महायुद्ध सुरू व्हायला अजून तीन वर्षं आहेत. १ ऑगस्टला बर्लिनमध्ये ऑलिंपिक सुरू झालं. १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघानं अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ हरवलं, ही गोष्ट आपण शाळेत अभिमानानं ऐकलेली असते. नेमक्या त्याच उन्हाळ्यात, त्या मैदानापासून तासाभराच्या अंतरावर, कैदी स्वतःच्याच छावणीसाठी झाडं तोडत होते. हे कैदी डच सीमेजवळच्या एम्सलांड भागातल्या छावण्यांतून आणलेले होते. त्यातले बहुतेक राजकीय विरोधक.

कागद-पेन्सिल घ्या

आता नकाशा. इथे सभागृहात तो पडद्यावर आहेच. पण जे नंतर हे वाचतील किंवा गाडीत बसून ऐकतील, त्यांनी जमेल तेव्हा एक कागद घ्यावा.

कागदावर एक समभुज त्रिकोण काढा. पाया तुमच्याकडे, टोक पलीकडे. पायाच्या बरोबर मध्यावर एक ठिपका द्या. हा 'मनोरा अ', छावणीचं एकमेव मुख्य दार. लोखंडी फाटकावर अक्षरं आहेत, 'श्रम मुक्त करतात' या अर्थाची. फाटकाच्या वर सज्जा, आणि सज्ज्यावर मशीनगन.

आता त्या ठिपक्यासमोर एक अर्धवर्तुळ काढा. हे हजेरीचं मैदान. त्या अर्धवर्तुळाच्या कडेनं, पंखा उघडावा तशा, लाकडी बराकी काढा. एकामागे एक अशा चार रांगा. प्रत्येक बराकीचं अरुंद तोंड ठिपक्याच्या दिशेनं. दोन बराकींमधल्या मोकळ्या गल्ल्याही ठिपक्याकडेच येतात. सगळ्या त्रिकोणाभोवती अडीच मीटरहून उंच भिंत, भिंतीच्या आत विजेची तार, तारेच्या आत खडीचा एक पट्टा. त्या पट्ट्यावर पाय पडला तर न विचारता गोळी घातली जाईल, अशा पाट्या होत्या.

आता पेन्सिल ठिपक्यावर ठेवा आणि तिथून पाहा. काय दिसतं? सगळं. निदान कल्पना तशी होती. एक माणूस, एक मशीनगन, आणि तिच्या टप्प्यात अख्खी छावणी. हा आराखडा बर्नहार्ड कुइपर या वास्तुविशारदानं केला. हिमलरला तो इतका पसंत पडला की १९३७ च्या सुरुवातीला न्यायमंत्र्यांना लिहिताना त्यानं ही छावणी अगदी नवी, आधुनिक आणि केव्हाही वाढवता येण्यासारखी असल्याचं कळवलं. यातला 'वाढवता येण्यासारखी' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

आपल्याला असा नकाशा अगदीच अनोळखी नाही. अंदमानचं सेल्युलर जेल आठवा. सावरकरांना १९११ साली तिथे नेलं. मध्ये मनोरा आणि त्यातून निघालेल्या सात शाखा. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला सगळं दिसावं, कैद्यांना मात्र एकमेकांची तोंडं दिसू नयेत, म्हणून एका शाखेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. थोडक्या माणसांनी पुष्कळांवर नजर ठेवायची, ही युक्ती युरोपातल्या तुरुंगांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून घोळत होती. मग साक्सेनहाउझेनमध्ये नवीन काय? नवीन असं की इथे येणाऱ्याला शिक्षा झालेली नसायची. न्यायालय नाही, वकील नाही, मुदत नाही. तुरुंगात जाणारा निदान तारखा मोजू शकतो. इथे मोजायला तारीखच नव्हती.

मैदानावर

आता त्या अर्धवर्तुळात उभे राहू. दिवसातून दोन-तीनदा हजेरी. आकडा जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. रात्री मेलेल्याचा देहही रांगेत आणून ठेवायचा, कारण आकडा जुळला पाहिजे. समोर पहिल्या रांगेतल्या बराकींच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत, एका बराकीवर एक शब्द याप्रमाणे, एक वाक्य रंगवलेलं होतं. स्वातंत्र्याकडे जाणारा एक रस्ता आहे आणि त्याचे मैलाचे दगड म्हणजे आज्ञापालन, मेहनत, प्रामाणिकपणा, स्वच्छता वगैरे वगैरे, असा त्याचा आशय. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितात ना, तसं. फक्त इथे सुविचारासमोर फाशीचा खांब होता.

१५ सप्टेंबर १९३९. युद्धाला दोन आठवडे झालेत. आउगुस्ट डिकमन हा 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचा कैदी. त्यानं सैन्यात जायला नकार दिला. त्याला याच मैदानात, सगळ्या कैद्यांना उभं करून, गोळ्या घातल्या.

१८ जानेवारी १९४०. कडाक्याची थंडी. ज्यांना त्या दिवशी कामावर नेमलं नव्हतं अशा सुमारे ८०० कैद्यांना मैदानात उभं करायचा हुकूम सुटला. अंगावर पातळ कपडे. तासन् तास. त्या दिवसानं आणि त्या रात्रीनं शंभराहून अधिक माणसं गेली. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव रुडोल्फ होस. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची बढतीवर बदली झाली. कुठे? आउशवित्झ नावाची नवी छावणी उभारायला. साक्सेनहाउझेन ही शिकण्याची जागा होती, असं इतिहासकार म्हणतात ते यामुळे. सगळ्या छावण्यांचं मुख्य कार्यालयही १९३८ साली बर्लिनहून इथे, छावणीच्या शेजारी हलवलं गेलं. इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची इमारत. कोणत्या छावणीत किती रेशन, किती काम, कुणाला कुठे पाठवायचं, हे त्या इमारतीतल्या टेबलांवर ठरायचं.

आणि त्याच मैदानाला वळसा घालणारी एक विचित्र वाट होती. १९४० पासून तिथे बूट तपासायची पट्टी तयार केली होती. काँक्रीट, खडी, वाळू, चिखल असे वेगवेगळे पृष्ठभाग एकामागोमाग. शिक्षा झालेल्या कैद्यांनी नव्या बुटांत, पाठीवर ओझं घेऊन, त्यावरून दिवसभर चालायचं. रोज ४० किलोमीटरपर्यंत. चामड्याचा तुटवडा होता, बदली सोल किती टिकतो हे कंपन्यांना पाहायचं होतं. बूट टिकला की नाही याची नोंद व्हायची. पडला तो माणूस बाजूला काढला जायचा.

मला या पट्टीपाशी नेहमी थांबावंसं वाटतं. मनोऱ्यावरचा शिपाई क्रूर होता, हे समजायला कठीण नाही. पण कुठल्यातरी शहरात, स्वच्छ कचेरीत बसून एखादा माणूस सोलच्या टिकाऊपणाचा तक्ता वाचत होता. त्याच्या हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

त्रिकोणाबाहेर

नकाशा अजून पूर्ण झालेला नाही. आतापर्यंत आपण फक्त कैद्यांचा भाग काढला. ठिपक्याच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला, एसएसची कमांडंट कचेरी. तिच्या अलीकडे सैनिकांच्या बराकी. थोड्या अंतरावर अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी घरं, परसबागा. दुसऱ्या बाजूला कारखान्याचं आवार. आणि साधारण दोन किलोमीटरवर, कालव्याच्या काठी, विटांचा प्रचंड कारखाना.

हा कारखाना १९३८ मध्ये सुरू झाला. बर्लिनचं रूपांतर जगाच्या राजधानीत करायचं हिटलरचं आणि त्याचा वास्तुविशारद श्पेअरचं स्वप्न होतं. त्यासाठी विटा हव्या होत्या. कैद्यांच्या रांगा रोज सकाळी गावातल्या लोकांच्या समोरून कारखान्याकडे जायच्या आणि संध्याकाळी परतायच्या. परतताना काही जण खांद्यांवर असायचे. "आम्हाला काही माहीत नव्हतं" हे वाक्य आपण युद्धानंतरच्या जर्मनीबद्दल पुष्कळ ऐकतो. हा रस्ता नकाशावर बोटानं गिरवा आणि मग ते वाक्य पुन्हा ऐका. १९४२ च्या उन्हाळ्यात याच कारखान्यात समलिंगी म्हणून पकडलेल्या सुमारे २०० कैद्यांना ठरवून मारलं गेलं. त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण असायचा. राजकीय कैद्यांना लाल, गुन्हेगारांना हिरवा, यहोवाच्या साक्षीदारांना जांभळा.

आता हिमलरच्या त्या शब्दाकडे येऊ. केव्हाही वाढवता येणारी छावणी. १९३६ च्या अखेरीस इथे सुमारे १,६०० कैदी होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली, त्यानंतर काही दिवसांत सुमारे ६,००० ज्यू इथे आणले. वर्षभरानं युद्ध सुरू झालं. नोव्हेंबर १९३९ मध्ये प्रागमधली विद्यापीठं बंद करून जवळजवळ १,२०० चेक विद्यार्थी आणले. त्याच महिन्यात पोलंडच्या क्राकुफ विद्यापीठातले प्राध्यापक आले, ज्यांना व्याख्यानाला बोलावतो म्हणून सभागृहात जमवून अटक केली होती. आपण इथे सभागृहातच बसलो आहोत म्हणून मुद्दाम सांगतो.

आता मला सांगा, त्रिकोण वाढवणार कसा? चौकोनाला बाजूला दुसरा चौकोन जोडता येतो. त्रिकोणाची एक बाजू वाढवली की ठिपका मध्यावर राहत नाही. बाजूला जोड दिला तर तो मनोऱ्याच्या नजरेबाहेर जातो. शेवटी तेच झालं. १९३८ मध्ये पूर्वेच्या बाजूला भिंतीबाहेर बराकी उभारल्या. त्याला 'छोटी छावणी' म्हणत. ज्यू कैद्यांच्या ३८ आणि ३९ क्रमांकाच्या बराकी तिथल्याच. कागदावरची सुबक आकृती दोन वर्षांत मोडली. पुढच्या मोठ्या छावण्यांसाठी हा त्रिकोण कुणी वापरला नाही.

पण म्हणून छावणी मोडली का? नाही. आणि आजचा माझा मुख्य मुद्दा हाच आहे. आकृती फसली तरी यंत्र चालू राहिलं, कारण ते आकृतीवर चालतच नव्हतं. ते चालत होतं नोंदवह्यांवर, मुकादमांवर, भुकेवर, आणि आपापलं काम चोख करणाऱ्या शेकडो माणसांवर.

अ पासून शेवटच्या अक्षरापर्यंत

कागदावर पश्चिमेच्या भिंतीबाहेर एक छोटा चौकोन काढा. कारखान्याचं आवार. १९४१ च्या शरद ऋतूत रशियन युद्धकैदी इथे आणले गेले. त्यांना सांगायचे, वैद्यकीय तपासणी आहे. पांढरा कोट घातलेला माणूस, उंची मोजायची पट्टी, शेजारच्या खोलीत मोठ्यानं लावलेला ग्रामोफोन. कैदी पट्टीला पाठ टेकून उभा राहिला की भिंतीतल्या फटीतून मानेत गोळी. अशा रीतीनं दोन-अडीच महिन्यांत किमान १०,००० युद्धकैदी मारले गेले. मारेकऱ्याला समोरच्याचा चेहराही पाहावा लागत नव्हता.

१९४२ मध्ये त्याच आवारात कायमची इमारत बांधली. दहनभट्ट्या, गोळ्या घालायची जागा, आणि १९४३ मध्ये विषारी वायूची खोली. एसएसनं तिला नाव दिलं 'स्टेशन झेड'. आत यायचं मनोरा 'ए' मधून, बाहेर जायचं 'झेड' मधून. हा त्यांचा विनोद होता.

१९३६ ते १९४५ या काळात इथे २ लाखांहून अधिक माणसं कैद होती. त्यातली हजारोंच्या हजारो परतली नाहीत. शेवटी शेवटी मूळ छावणीला सुमारे शंभर उपछावण्या होत्या, बहुतेक शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांच्या दाराशी.

मनोऱ्याला न दिसलेलं

एक वास्तुविशारद आपण पाहिला, बर्नहार्ड कुइपर. आता दुसरा. ऑड नान्सेन, नॉर्वेचा. प्रसिद्ध ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांचा मुलगा आणि व्यवसायानं वास्तुविशारद. १९४३ मध्ये तो कैदी म्हणून साक्सेनहाउझेनला आला. एकानं आखलेल्या त्रिकोणात दुसऱ्याला राहावं लागलं.

नान्सेन रोज रात्री डायरी लिहायचा. पातळ कागदावर, बारीक अक्षरात, सोबत चित्रं. सापडला असता तर फाशीच. कागद लपवले कुठे? पाव कापायच्या लाकडी पाटांत. पाट आतून पोखरायचा, कागद भरायचे, वरून बंद करायचं. तो पाट रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. मनोऱ्याला बराकींमधल्या गल्ल्या दिसत होत्या, पाटाच्या आतलं दिसत नव्हतं. ती डायरी युद्धानंतर प्रसिद्ध झाली, आणि छावणीतलं रोजचं जगणं आपल्याला कळतं त्याचं बरंच श्रेय तिला जातं.

१९४५ च्या सुरुवातीला छावणीच्या दवाखान्यात नान्सेनला एक मुलगा दिसला. वय १० वर्षं. नाव थॉमस ब्युर्गेनथाल. आउशवित्झहून बर्फातून चालवत आणलेला. पाय गारठून सडले होते, दोन बोटं कापावी लागली. नान्सेन त्याच्याकडे जात राहिला. नॉर्वेच्या कैद्यांना घरून आणि रेड क्रॉसकडून पार्सलं मिळायची, त्यातलं खाणं मुलाला द्यायचा. मुलाची नीट काळजी घ्यावी, निवडीच्या वेळी त्याला वाचवावं, म्हणून दवाखान्यातल्या माणसाला तंबाखू द्यायचा. मार्चमध्ये स्वीडनच्या पांढऱ्या बसगाड्या नॉर्वेच्या कैद्यांना घेऊन गेल्या. मुलगा मागे राहिला.

हॅरी नाउयोक्सचंही नाव घ्यायला हवं. हाम्बुर्गचा बॉयलर बनवणारा कामगार, कम्युनिस्ट. तो कैद्यांचा प्रमुख होता. आता हे पद मोठं अवघड. एसएसनं कैद्यांवर कैदीच नेमलेले असायचे. थोडक्या शिपायांत एवढी छावणी चालायची ती यामुळेच. तो वरचा हुकूम खाली पोहोचवायचा आणि जमेल तिथे माणसं वाचवायचा. होसनं जानेवारीच्या थंडीत माणसं उभी केली तेव्हा त्यांना आत घ्या म्हणून विनवणी करणारा तोच. १९४२ मध्ये त्याला एका सहकैद्याला फाशी द्यायला सांगितलं. त्यानं नाही म्हटलं. त्याची दुसऱ्या छावणीत रवानगी झाली. तो जगला आणि त्यानं आपल्या आठवणी लिहिल्या. नाही म्हणायची जागा नकाशावर कुठेच नव्हती, तरी ती सापडली.

शेवट, आणि त्यानंतर

एप्रिल १९४५. रशियन फौजा जवळ आल्या. २१ तारखेच्या पहाटे एसएसनं ३०,००० हून अधिक कैद्यांना पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत वायव्येकडे चालवत नेलं. मागे पडला त्याला रस्त्याच्या कडेला गोळी. दुसऱ्या दिवशी रशियन आणि पोलिश सैनिक छावणीत पोहोचले तेव्हा आत सुमारे ३,००० माणसं होती. आजारी कैदी, आणि त्यांना सोडून न गेलेले कैदी डॉक्टर व परिचारक. त्या आजाऱ्यांत तो मुलगा होता. पुढे तो कायदा शिकला आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाला. नान्सेनची आणि त्याची पुन्हा भेटही झाली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान संपली असती. पण जागेचा इतिहास सांगायचा तर पुढचंही सांगायला हवं. ऑगस्ट १९४५ मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेनं त्याच बराकींत आपली विशेष छावणी सुरू केली. खालच्या दर्जाचे नाझी कार्यकर्ते, पुढे पुढे नव्या राजवटीचे विरोधक, आणि संशयावरून उचललेलेही. १९५० च्या वसंतापर्यंत सुमारे ६०,००० माणसं इथे होती. त्यातली सुमारे १२,००० भुकेनं आणि रोगानं मेली. या दोन छावण्या सारख्या नव्हत्या. सोव्हिएत छावणीत 'स्टेशन झेड'सारखी मारण्याची व्यवस्था नव्हती, आणि दोन्ही एका तराजूत घालून पहिलीचा गुन्हा हलका करू पाहणाऱ्यांपासून सावध राहावं. पण भिंत तीच होती, मनोरा तोच होता. एकदा बांधलेली जागा आयती मिळते.

१९६१ साली पूर्व जर्मनीनं इथे स्मारक केलं. ४० मीटर उंच स्तंभ, त्यावर लाल त्रिकोण. मनोऱ्याचं वर्चस्व मोडायचं म्हणून त्याहून उंच. हेतू चांगला होता. पण सगळे त्रिकोण लाल, म्हणजे राजकीय कैद्यांचे. ज्यू, समलिंगी, जिप्सी म्हणून हिणवलेले सिंती आणि रोमा, यांना त्या गोष्टीत फारशी जागा नव्हती. आणि सोव्हिएत छावणीचा तर उल्लेखच नाही. त्या काळातल्या सामूहिक कबरी १९९० मध्ये सापडल्या.

सप्टेंबर १९९२ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी स्मारकाला भेट दिली. त्यानंतर काही दिवसांतच नवनाझींनी ज्यू कैद्यांच्या ३८ क्रमांकाच्या बराकीला आग लावली. ती पुन्हा उभी केली, पण जळून काळे पडलेले भाग मुद्दाम काचेआड तसेच ठेवले आहेत. बाकीच्या बहुतेक बराकी आज नाहीत. त्यांच्या जागी खडीचे आयत आखलेले आहेत. कैद्यांचा भाग पुन्हा नकाशा होऊन राहिला आहे.

आणि ती 'टी' आकाराची इमारत, जिथून सगळ्या छावण्या चालवल्या जायच्या? ती शाबूत आहे. तिच्यात स्मारकाच्या संस्थेचं कार्यालय आहे, एक प्रदर्शन आहे, आणि ओरानियेनबुर्गचं करवसुली कार्यालय आहे. लोक अर्ज घेऊन येतात, खिडकीवर उभे राहतात, शिक्का घेऊन जातात. मला यात आक्षेपार्ह काही वाटत नाही. इमारत कचेरीसाठीच बांधली होती. किंबहुना म्हणूनच ती लक्षात ठेवायची. तिथे काम करणाऱ्यांनी बहुतेकदा कुणाला हातही लावला नाही. त्यांनी कागद वाचले, आकडे जुळवले, सह्या केल्या.

तुमच्या हातातला कागद आता भरला असेल. मघाशी मी पेन्सिल मनोऱ्याच्या ठिपक्यावर ठेवायला सांगितली होती, कारण नकाशा काढणाऱ्यानं तिथूनच पाहिलं होतं. घरी गेल्यावर एकदा ती उचलून बराकींच्या चौथ्या रांगेत कुठेतरी ठेवा आणि तिथून पाहा. मग सज्ज्यावरच्या शिपायाखेरीज आणखी कोण कोण त्या आकृतीत बसलेलं आहे, हे मोजा. आखणारा, विटा मागवणारा, बुटांचा तक्ता वाचणारा, रस्त्याकडेची खिडकी लावून घेणारा. त्या यादीत आपल्यासारखी माणसं किती, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर आता घेऊ.